अफवेला लेखक नसतो



स्मृतिव्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावं, सीमाप्रश्नावर बोलावं, पाणी आणि शेतीवर बोलावं, अशी आपल्याकडची रीत आहे. मुलांनी वाचायच्या भुताच्या कादंबऱ्या हा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. तरीही हा विषय मला बिदर जिल्ह्यातल्या मुडबीतच मांडायचा होता. इथल्या घरांत मराठी आणि कन्नड एकाच चुलीपाशी बोलल्या जातात, आणि भुताचं नाव दोन्ही भाषांत तितक्याच हळू आवाजात घेतलं जातं. दहा-बारा वर्षांचं मूल भुताची कादंबरी घेऊन बसलं की घरातलं मोठं माणूस म्हणतं, 'ठेव ते, रात्री झोपेत ओरडशील.' या वाक्यामागे माया आहे. पण त्यात एक चुकीची समजूतही आहे, की भीती पुस्तकातून घरात शिरते. माझं म्हणणं असं की भीती घरात आधीपासूनच असते. पुस्तक तिला सुरुवात देतं, शेवट देतं आणि मुख्य म्हणजे तिच्यावर कुणाचं तरी नाव घालतं. ज्या मुलाने नाव असलेली भीती वाचली आहे, ते बिननावाच्या भीतीला प्रश्न विचारायला शिकतं.

बिननावाची भीती कशी असते, हे या पट्ट्याला समजावून सांगायची गरज नाही. 'भानामती' हा शब्द मराठवाडा, बिदर, कलबुर्गी आणि पलीकडचं मेदक इतक्या भागात पिढ्यान्‌पिढ्या फिरला. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेट घेतात, बाई कुत्र्यासारखी भुंकू लागते, आणि मग गावात कुणीतरी एक 'करणारी' शोधली जाते. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली, ते कुणालाच ठाऊक नसतं. ती कुठे संपते तेही ठाऊक नसतं. १३ जुलै २०१८ रोजी याच बिदर जिल्ह्यात, तेव्हाच्या औराद तालुक्यातल्या मुरकी गावात, जमावाने हैदराबादहून आलेल्या एका तरुण अभियंत्याला ठार मारलं. त्याच्यासोबतच्या लोकांनी वाटेत मुलांना चॉकलेटं दिली होती. 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' हा मजकूर व्हॉट्सॲपवरून त्यांच्या गाडीच्या पुढे धावला. त्याआधी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांचा असाच बळी गेला होता. 'मुलं पळवणारी टोळी' ही पूर्ण भयकथाच आहे. तिच्यात अनोळखी माणूस आहे, गोड खाऊ आहे, निर्मनुष्य रस्ता आहे. फक्त तिला लेखक नाही, शेवट नाही, आणि ती मिटून बाजूला ठेवता येत नाही. त्या गावांत भुताच्या कादंबऱ्या वाचल्या गेल्या असत्या तर हे खून टळले असते, असा भाबडा दावा मी करत नाही. गोष्ट आणि अफवा यांतला फरक माणसाला कुठेतरी शिकावा लागतो, एवढंच म्हणतो आहे. तो शिकण्याची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे पुस्तक.

ही जागा आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखली होती. विक्रम-वेताळाची कथा आपण उज्जैनची समजतो. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात ती सांगितली, तेव्हा तिचा राजा आहे त्रिविक्रमसेन आणि त्याची राजधानी आहे गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. कन्नडातल्या कविराजमार्गाने कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा मुलूख कन्नडांचा म्हणून सांगितला आहे. तेव्हा हा वेताळ दोन्ही भाषांच्या सामाईक अंगणातला म्हणायला हरकत नाही. अकराव्या शतकातच काश्मीरहून निघालेला बिल्हण कवी इथून जवळच्या कल्याणला चालुक्यांच्या दरबारी पोचला, आणि पुढे इ. स. ११३० च्या सुमारास त्याच घराण्यातल्या सोमेश्वराने मानसोल्लासात राजाचे विनोद मोजताना गीत, वाद्य, नृत्य यांच्या पंगतीत कथाविनोद आणि चमत्कारविनोदही बसवले. अद्भुत ऐकणं हे रिकामटेकड्याचं काम, असं त्या दरबाराला वाटत नव्हतं.

सोमदेवाने रंगवलेला स्मशानातला तो पहिला प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. एका भिक्षूच्या सांगण्यावरून प्रेत आणायला राजा अंधाऱ्या रात्री झाडाशी येतो. फांदीला प्रेत लटकलेलं आहे. तो वर चढतो, दोर कापतो, प्रेत खाली पडतं आणि दुखावल्यासारखं ओरडतं. आता राजाने काय करावं? पळावं, की तलवार चालवावी? तो खाली उतरतो, हा माणूस जिवंत असावा असं समजून कळवळतो आणि त्याचं अंग हाताने चोळू लागतो. तेव्हा ते प्रेत खदखदून हसतं. अंगावर काटा आणणारी ही जागा आहे, आणि नीतीच्या पुस्तकांत सहसा न सापडणारी गोष्ट तिच्यात आहे : भयाच्या ऐन क्षणी माणसाचा हात करुणेने पुढे जाऊ शकतो. वाचणाऱ्या मुलाच्या अंगावर शहारा येतो तो त्या हाताबरोबर. पुढे वेताळ खांद्यावर बसून गोष्टी सांगतो आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक अवघड प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर. भीती आणि विचार यांची इतकी घट्ट सांगड घालणारी रचना मला दुसरी माहीत नाही. राजाला चालायचंही आहे आणि न्यायही करायचा आहे. मग एक प्रश्न असा येतो की ज्याला उत्तरच नाही, आणि राजा मुकाट चालत राहतो. तेव्हा वेताळ प्रसन्न होतो आणि त्याला खरं सांगून टाकतो. ज्याच्यासाठी तू हे प्रेत वाहतो आहेस तो भिक्षूच तुझा बळी देणार आहे. म्हणजे शेवटी धोका प्रेताचा नव्हता. रोज फळ आणून देणाऱ्या, मंत्र जाणणाऱ्या, विश्वासू वाटणाऱ्या माणसाचा होता. हा शेवट लक्षात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

मराठीत मुलांसाठी छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांत ही कथा आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये बाळमित्र आणि इसापनीती मराठीत आणली आणि १८३० मध्ये वेताळपंचविशी दिली. मराठी बालवाचनाच्या पाळण्यातच वेताळ आहे. शंभर-सव्वाशे वर्षांनी, १९५२ पासून, मद्रासहून निघणारा चांदोबा मराठीत आला आणि त्याने वेताळ घरोघर पोचवला. त्याची मूळ पंचवीस गोष्टींची शिदोरी संपली तेव्हा संपादकांनी त्याच साच्यात नव्या गोष्टी रचल्या. चित्रकार शंकर यांनी काढलेला विक्रम, उपसलेली तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला, कन्नड चंदमामात तोच होता आणि मराठी चांदोबात तोच. एकाच गावातली दोन मुलं दोन लिप्यांत एकाच प्रेताला घाबरत होती. त्याच काळात सरकारलाही या विषयाची काळजी वाटू लागली. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये भयचित्रकथांविरुद्ध ओरड झाली, ब्रिटनने १९५५ मध्ये कायदा केला आणि पाठोपाठ १९५६ मध्ये भारताच्या संसदेनेही तरुणांना अपायकारक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा केला.  या कायद्यात बीभत्स आणि भयानक प्रसंगांचा उल्लेख आहे, पण प्रसंग भयानक आहे एवढ्यावर पुस्तक दोषी ठरत नाही. संपूर्ण प्रकाशन वाचणाऱ्याला बिघडवणारं आहे का, हे पाहायचं आहे. कायदा करणाऱ्यांनाही कळत होतं की भयाची परीक्षा एका पानावर होत नाही, अख्ख्या पुस्तकावर होते.

अख्खं पुस्तक, हा माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. मूल भयकादंबरी वाचतं तेव्हा नेमकं काय घडतं? 'जिन्यावर पाऊल वाजलं' एवढेच शब्द कागदावर असतात. जिना मुलाला स्वतःच्या पाहण्यातला घालावा लागतो, पाऊल किती जड तेही त्यालाच ठरवावं लागतं. म्हणजे भीतीचा निम्मा ऐवज तोच पुरवतो, आणि म्हणूनच तिचा लगामही त्याच्या हाती राहतो. फार वाटलं तर तो सावकाश वाचतो, बोट ओळीवर ठेवून दिव्याकडे पाहून घेतो, दोन पानं पुढे जाऊन नायक जिवंत आहे ना याची खात्री करून परत येतो, पुस्तक पालथं घालून आईजवळ जाऊन बसतो. पडदा यातलं काही करू देत नाही. अमेरिकेतल्या क्रिस्टन हॅरिसन आणि जोन कँटर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहातल्या नऊ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी लहानपणी किंवा किशोरवयात पाहिलेल्या चित्रपटाने वा दूरचित्रवाणी कार्यक्रमाने आपण फार घाबरलो होतो असं सांगितलं, आणि जवळजवळ चौघांतल्या एकाला त्याचा त्रास अजून होत होता. हा अभ्यास भयकथांच्या विरोधात वारंवार पुढे केला जातो. पण तो पाहण्याविषयीचा आहे, वाचण्याविषयीचा नाही. चित्र तयार होऊन डोळ्यांत घुसतं, तर शब्दाला मुलाने दार उघडावं लागतं. नील गेमन यांची कोरलाइन ही कादंबरी २००२ मध्ये आली. तिच्यात बटणांचे डोळे असलेली एक 'दुसरी आई' आहे. त्यांनी अनेकदा सांगितलं आहे की मोठी माणसं ती वाचून हादरतात, आणि मुलं मात्र साहसकथा म्हणून वाचतात. याचं कारण मला साधं दिसतं. मोठ्यांना धोक्यात सापडलेलं मूल दिसतं. मुलाला त्या धोक्यातून वाट काढणारी, आपल्याच वयाची मुलगी दिसते.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. ज्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, ज्या कर्नाटकात डॉ. एम. एम. कलबुर्गींची ३० ऑगस्ट २०१५ रोजी हत्या झाली, जिथल्या शरणांनी बाराव्या शतकातच कर्मकांड झुगारलं, तिथे मुलांच्या हाती भुतं द्यायची म्हणजे या माणसांच्या अंधश्रद्धाविरोधी कामावर पाणी फिरवणं नव्हे का? हा प्रश्न पोटतिडकीने विचारला जातो आणि त्याला टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आणि कर्नाटकाने २०१७ मध्ये अघोरी प्रथांविरुद्ध कायदे केले. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने वा साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, हे महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हे ठरवले आहेत. यांतला प्रत्येक गुन्हा 'हे खरं आहे' या दाव्यावर उभा आहे. मांत्रिकाचा धंदा त्या एका वाक्यावर चालतो. कादंबरीच्या मुखपृष्ठावर लेखकाचं नाव आणि किंमत असते, आणि पहिल्या पानाआधीच लेखक व वाचक यांच्यात ठरलेलं असतं की हे रचलेलं आहे. हा करार समजून घेतलेलं मूल मांत्रिकासमोर उभं राहिलं तर त्याच्या मनात सहज येईल, 'हे कुणी रचलं?' वेताळकथेचा शेवट इथे आठवा. तिने मुलाला सांगितलं आहे की प्रेतापेक्षा भिक्षूला जपून राहा. अंधश्रद्धा निर्मूलनाचं याहून थेट वाक्य मला सुचत नाही, आणि ते एका भुताच्या तोंडी आहे. संतकाव्यातही पंढरीच्या विठ्ठलाला झपाटणारं भूत म्हटलेलं आहे. भुताला रूपक करता आलं की त्याची दहशत ओसरते. कर्नाटकात १९९० च्या दशकात पसरलेली 'नाळे बा'ची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. रात्री दार ठोठावणाऱ्या भुतासाठी दारावर 'उद्या ये' असं लिहायचं, म्हणजे ते वाचून परत जातं. ती अफवाच होती, आणि लोक खरोखर घाबरले होते. पण तिच्यावरचा उतारा लोकांनी अक्षरांत शोधला, आणि २०१८ च्या स्त्री या हिंदी चित्रपटाने त्याच धर्तीवर गोष्ट रचली तेव्हा त्याच भीतीवर प्रेक्षक खळखळून हसले. लेखक मिळाला की अफवेची गोष्ट होते.

दुसरा आक्षेप हळव्या मुलांविषयीचा आहे, आणि तो मला बराचसा मान्य आहे. सात वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्या मुलाचं पुस्तक देऊ नये. ज्या मुलाने घरात मृत्यू, मारहाण किंवा अपघात नुकताच पाहिला आहे, त्याला तर मुळीच देऊ नये. मूल नको म्हणालं की पुस्तक परत घ्यावं, त्याला भित्रा म्हणून हिणवू नये.

तिसरा आक्षेप साहित्याच्या दर्जाचा. हा आक्षेप पैशाची नावाच्या प्राचीन भाषेइतका जुना आहे. गुणाढ्याने पिशाचांच्या भाषेत, स्वतःच्या रक्ताने बृहत्कथा लिहिली, सातवाहन राजाने ती नाकारली, आणि मग गुणाढ्य एकेक पान वाचून अग्नीत टाकत राहिला, रानातले पशू चरणं सोडून ऐकत राहिले, अशी कथा आहे. राजाला पश्चात्ताप झाला तोवर सात लाखांतले एक लाख श्लोकच उरले होते. भयकथेला हलकी समजून हाकलणारा प्रत्येक टीकाकार या राजाच्या जागी उभा असतो. पण म्हणून काही सगळ्याच भयकथा चांगल्या ठरत नाहीत, आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांना एक कठोर गोष्ट सांगायची आहे. आपल्या भुतांच्या यादीत हडळ आहे, जखीण आहे, लावसट आहे, चेटकीण आहे. बाळंतपणात गेलेली, अतृप्त मेलेली, एकटी राहणारी बाई मेल्यावर भयाचा विषय होते. ज्या पट्ट्यात भानामतीचा ठपका जिवंत बाईवर ठेवला गेला, तिथे असली भुतं जशीच्या तशी मुलांपुढे ठेवणं हा गुन्ह्यात सहभाग आहे. ती हडळ का झाली, हे ज्या कादंबरीत मुलाला विचारता येत नाही, ती कादंबरी मुलांसाठी नाही. चेटकीण वेगळ्या तऱ्हेनेही रंगवता येते. रत्नाकर मतकरींनी १९६२ पासून बालनाट्य चळवळ उभी केली. त्यांच्या अलबत्या गलबत्या नाटकातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी साकारली, आणि २०१८ मध्ये तेच नाटक नव्या संचात उभं राहिलं तेव्हा वैभव मांगले यांनी. ती हावरी आहे, फुशारकी मारणारी आहे, फजीत होणारी आहे. मुलं तिला घाबरतातही आणि तिच्यावर मातही करतात. मोठ्यांसाठी गूढकथा लिहिणारा हाच लेखक मुलांच्या भीतीचं माप किती नेमकं जाणत होता, हे त्या नाट्यगृहातल्या किंकाळ्या आणि त्यापाठोपाठचं हसू सांगतं.

पण नाटक मुडबीपर्यंत येत नाही, पुस्तक येऊ शकतं, आणि पुस्तकाच्या बाबतीत मराठीचं घर रिकामं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. नारायण धारपांनी मराठी भयकादंबरी उभी केली, पण ती मोठ्यांची. मुलं ती चोरून वाचत आली. बंगालीत शीर्षेंदु मुखोपाध्याय यांच्या गोंसाईबागानेर भूत या कादंबरीत गणितात १३ गुण मिळवणारा बुरून आहे आणि त्याला भेटलेलं निधिराम नावाचं भूत आहे. हा मुलगा आपल्याला घाबरतच नाही, या दुःखाने ते भूत खचून जातं. अशी कादंबरी मराठी मुलासाठी मराठीत लिहिली जावी, तिच्यात बसवकल्याणच्या किल्ल्याची रात्र असावी, तुरीच्या रानातला चकवा असावा, मराठीत बोलणारी आजी आणि कन्नडात ओरडणारं देव्व, म्हणजे भूत, असावं. सीमेवरच्या मुलाला मराठी बहुतेक वेळा घरात ऐकायला मिळते, पण छापील मराठी पानाशी त्याची भेट क्वचित होते. धडा वाचणारं मूल प्रश्नांच्या उत्तरापाशी थांबतं. भयकादंबरी वाचणारं मूल अवघड शब्दावरही थांबत नाही, कारण पुढच्या पानावर दार उघडणार असतं. शंभर-सव्वाशे पानं सलग मराठी वाचायला लावण्याची ताकद या वयात दुसऱ्या कुठल्या लेखनात आहे, ते मला कुणी दाखवून द्यावं.

म्हणून लेखकांना आणि प्रकाशकांना विनंती आहे, आणि त्याहून जवळची विनंती या सभागृहातल्या पालकांना, शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना. कर्नाटकातल्या ग्रामपंचायत ग्रंथालयांत २०२० मध्ये 'ओदुव बेळकु' ही वाचनाची मोहीम सुरू झाली. ६ ते १८ वर्षांच्या मुलांना तिथे सभासदत्व फुकट आहे. आपल्या गावच्या त्या कपाटात कन्नड पुस्तकांशेजारी मराठी पुस्तकांचा एक खण मागून घ्या, आणि त्या खणात वेताळाच्या व भुताच्या चार चांगल्या गोष्टी तुम्ही स्वतः आधी वाचून ठेवा. मूल त्यातलं पुस्तक घरी घेऊन आलं की त्याला तात्पर्य विचारू नका. रात्री त्याला दिवा लागला तर लावू द्या, आणि सकाळी एवढंच विचारा, की ही गोष्ट लिहिली कुणी?